तळ लपवा, वेळ काढा: ‘स्टार वॉर्स: रिबेलियन’ या पटखेळाचं परीक्षण

पट मांडून झाला की दोन्ही बाजूंमधला फरक लगेच डोळ्यांत भरतो. साम्राज्याकडे स्टार डिस्ट्रॉयर ही अवाढव्य युद्धजहाजं, टाय फायटर या छोट्या लढाऊ यानांचे थवे, एटी-एटी हे चालते रणगाडे आणि अख्खा ग्रह उडवणारं डेथ स्टार. बंडखोर आघाडीकडे मूठभर एक्स-विंग आणि वाय-विंग ही लढाऊ यानं, थोडं पायदळ आणि एक तळ, ज्याचा पत्ता समोरच्याला ठाऊक नाही. बरोबरीची लढत हवी असणाऱ्यांना हे चित्र अन्यायाचं वाटेल. पण खेळाचा सगळा जीव या विषमतेतच आहे. स्वातंत्र्यासाठी एकत्र आलेल्या तारामंडळांची आघाडी लढते कशी, टिकते कशी आणि कुठे मोडते, हे इतक्या नेमकेपणाने मांडणारा दुसरा पटखेळ सापडणं अवघड आहे.

आधी जुजबी माहिती. हा खेळ फँटसी फ्लाइट गेम्सने २०१६ मध्ये काढला. रचनाकार कोरी कोनीएझ्का. २ ते ४ खेळाडू, वय १४ च्या पुढे, वेळ खोक्यावर १८० ते २४० मिनिटं लिहिली आहे. पट दोन तुकड्यांचा, दोन्ही जोडल्यावर ३२ ग्रहमंडळांचा नकाशा तयार होतो. प्लास्टिकच्या दीडशेहून जास्त सोंगट्या, १७० कार्डं, दोन्ही बाजूंचे मिळून २५ नेते (म्हणजे कथेतली पात्रं) आणि १० फासे. याच नावाचा एक संगणकावरचा खेळही १९९८ मध्ये आला होता. नावाने शोधताना दोन्ही समोर येतात, तेव्हा मागवण्याआधी चित्र बघून खात्री करून घ्या.

नियमांच्या दोन पुस्तिका आहेत. एक शिकण्यासाठी, दुसरी अडल्यावर बघण्यासाठी. शिकायच्या पुस्तिकेत पहिल्या डावासाठी तयार मांडणी दिली आहे आणि पहिल्यांदा तीच वापरावी. प्रगत मांडणीत दोघांनी आपापलं सैन्य स्वतः ठेवायचं असतं. नवख्या साम्राज्याने ते चुकीच्या जागी ठेवलं, तर पुढचे चार तास ती चूक निस्तरण्यात जातात.

आता जिंकायचं कसं ते. पटाच्या कडेला घरांची एक पट्टी आहे. काळाची खूण पहिल्या घरावर, बंडखोरांच्या लौकिकाची खूण १४ व्या घरावर. दर फेरीअखेर काळाची खूण एक घर पुढे जाते. बंडखोरांनी एखादं उद्दिष्ट साधलं की लौकिकाची खूण त्या कार्डावरच्या गुणांइतकी मागे येते. दोन्ही खुणा एका घरात आल्या की बंडखोर जिंकले. साम्राज्याला त्याआधी तळ शोधून तिथलं बंडखोर सैन्य संपवायचं असतं.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा, म्हणजे खेळ कळतो. बंडखोरांनी एकही उद्दिष्ट साधलं नाही, तर दोन खुणा भेटायला १३ फेऱ्या लागतात. इतका काळ तळ लपून राहणं जवळजवळ अशक्य. पाच गुण मिळवले तर लौकिकाची खूण ९ वर येते आणि आठव्या फेरीच्या शेवटी डाव संपतो. आता साम्राज्याच्या बाजूने बघा. साम्राज्याची राजधानी कोरुसंट सोडून प्रत्येक मंडळाचं एक, अशी ३१ प्रोब (म्हणजे टेहळणीची) कार्डं असतात. त्यातलं एक तळाचं म्हणून बंडखोर बाजूला काढतो, उरली ३०. दर फेरीअखेर साम्राज्याला त्यातली दोन मिळतात. जी मिळाली तिथे तळ नाही हे पक्कं. आठ फेऱ्यांत १६ कार्डं, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त. फक्त कार्डांच्या भरवशावर बसलेलं साम्राज्य वेळेत पोचत नाही. उरलेली मंडळं त्याला सैन्य उतरवून तपासावी लागतात, आणि सैन्य उतरवलं की ते पांगतं. खेळातला ताण इथून येतो. शोधायला पसरावं लागतं, आणि सापडल्यावर मारायला एकवटावं लागतं.

तळ कुठे ठेवायचा, हा डावातला सगळ्यात मोठा निर्णय अगदी सुरुवातीलाच घ्यायचा असतो. हॉथ, याविन, एंडोर, डॅगोबा यांसारख्या आठ दूरच्या मंडळांवर वस्ती नाही. तिथून कुणालाच काही उत्पादन मिळत नाही, म्हणून साम्राज्याला तिकडे जायचं आपसूक कारण नसतं. नवखे बंडखोर हटकून यातलंच एखादं निवडतात. अडचण ही की मुरलेल्या साम्राज्यालाही हे ठाऊक असतं. साम्राज्याने दोन-तीन जहाजांचा एखादा गट उत्पादन नसलेल्या कोपऱ्याकडे विनाकारण वळवला, तर ते विनाकारण नाही हे समजून घ्यावं. वस्तीचं पण तटस्थ मंडळ निवडण्यात वेगळा धोका आहे. उत्पादनासाठी साम्राज्य तिथे कधीतरी पाय ठेवणारच.

निवडताना तीन गोष्टी बघाव्यात. साम्राज्याचा मोठा ताफा त्या जागेपासून किमान दोन-तीन उड्या दूर असावा (एक उडी म्हणजे एका मंडळातून शेजारच्या मंडळात). त्या मंडळाला लागून असलेल्या वाटा कमी असाव्यात, म्हणजे जाता-जाता कुणी तिथे डोकावणार नाही. आणि तो कोपरा साम्राज्याच्या उत्पादनाच्या दोन केंद्रांमधल्या रस्त्यावर नसावा. तिसऱ्या गोष्टीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. मग साम्राज्य तळ शोधत नसतानाही, नुसती कुमक हलवताना त्यावर येऊन आदळतं.

इथे एक नियम काटेकोर पाळावा लागतो. साम्राज्याचं पायदळ तळ असलेल्या मंडळात उतरलं, तर बंडखोराने तळ तत्काळ उघड करायचा असतो. हे सांगायची जबाबदारी फक्त बंडखोराची, कारण कार्ड फक्त त्यानेच पाहिलेलं असतं. चार तासांच्या खेळात दुसऱ्या तासाला हे विसरलं जातं आणि दोन फेऱ्यांनी लक्षात येतं. तोवर डाव वाया गेलेला असतो, मागे नेताच येत नाही. उपाय सोपा आहे. कुठेही पायदळ उतरलं की बंडखोराने मनाशी नाव ताडून ‘नाही’ असं मोठ्याने म्हणायचं, प्रत्येक वेळी, सगळ्या मंडळांसाठी. आणि तळाचं कार्ड सारखं उचलून बघायचं नाही. पटाच्या एका कोपऱ्यात हालचाल झाली की कार्डाकडे हात जातो, समोरचा तो हात बघत असतो, आणि तिथेच गुपित फुटतं. नाव पाठ करा, कार्ड खाली ठेवा, त्याला पुन्हा हात लावू नका.

साम्राज्य खेळणाऱ्याने ३२ नावांची यादी कागदावर करून घ्यावी. प्रोब कार्ड मिळालं की फुली, पायदळ उतरलं की फुली. कार्डं हातात धरून नकाशाशी ताडत बसलं, तर चौथ्या-पाचव्या फेरीनंतर दर पाळीला पाच-पाच मिनिटं जातात. कागदाने तो वेळ वाचतो आणि आपल्याला काय ठाऊक आहे ते बंडखोरापासून लपूनही राहतं.

तळ सापडला म्हणजे खेळ संपला, असं मात्र नाही. ‘रॅपिड मोबिलायझेशन’ हे मोहिमेचं कार्ड बंडखोराकडे पहिल्यापासून असतं. त्याने तळ दुसरीकडे हलवता येतो, पण नवी जागा प्रोबच्या गठ्ठ्यातल्या वरच्या मोजक्या कार्डांतूनच निवडावी लागते. या एका नियमामुळे खेळाचा उत्तरार्ध उभा राहतो. गठ्ठा जितका पातळ, तितके पर्याय कमी. आलेल्या कार्डांपैकी बहुतेक मंडळांत साम्राज्याचं सैन्य आधीच बसलेलं असेल, तर पळायला जागाच उरत नाही. म्हणून तळ पूर्ण वेढला जाईपर्यंत थांबणं ही बंडखोरांची नेहमीची घोडचूक ठरते. दोन उड्यांवर ताफा दिसला की त्याच फेरीत ते कार्ड पालथं ठेवून त्यावर एक नेता बसवून द्यावा. पालथं कार्ड उलटायची सक्ती नसते. वेळ आली नाही तर ते हातात परत येतं. फेरीत एक नेता अडकून पडतो, पण त्या बदल्यात तळ वाचवायची सोय राहते.

नेत्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या खेळात खरं चलन सैन्य नाही, नेते आहेत. दोन्ही बाजू चार-चार नेत्यांनिशी सुरू करतात. बंडखोरांकडे मॉन मॉथ्मा, लेया, रीकन आणि डोडोना. साम्राज्याकडे पॅल्पटिन, व्हेडर, टार्किन आणि टॅग. ठरावीक फेऱ्यांना नव्या नेत्यांची भरती होते. फेरीच्या सुरुवातीला आधी बंडखोर आणि मग साम्राज्य आपले नेते मोहिमांच्या पालथ्या कार्डांवर ठेवतात, एका कार्डावर जास्तीत जास्त दोन. उरलेले नेते राखीव. मग एकाआड एक पाळ्या येतात, आणि पाळीला दोनच गोष्टी करता येतात. मोहीम उलटायची, नाहीतर राखीव नेता एखाद्या मंडळावर ठेवून शेजारचं सैन्य तिथे आणायचं. ताफा कितीही मोठा असो, पहिल्या फेरीत साम्राज्य चारपेक्षा जास्त कामं करूच शकत नाही. आघाडी मोठ्या सत्तेपुढे का टिकते, याचं उत्तर खेळाने या एका बंधनात दिलं आहे. सत्तेकडे जहाजं भरपूर, पण हुकूम देणारी माणसं मोजकी.

राखीव नेत्यांचं आणखी एक काम असतं. समोरच्याची मोहीम हाणून पाडायची असेल तर राखीवातला एक नेता तिथे पाठवता येतो. कुणीच गेलं नाही तर मोहीम आपोआप यशस्वी. त्यामुळे सगळे नेते मोहिमांवर लावणं म्हणजे समोरच्याला रान मोकळं करून देणं. पहिल्या फेरीत चारपैकी दोन मोहिमांवर, दोन राखीव, ही वाटणी बंडखोरांना बहुधा मानवते. साम्राज्याने सुरुवातीला एकच मोहीम लावून तीन नेते राखीव ठेवले तरी चालतं, कारण त्याला सैन्यही हलवायचं असतं. शिवाय साम्राज्य नंतर ठेवत असल्यामुळे बंडखोराने किती नेते अडकवले ते त्याला आधीच दिसलेलं असतं.

मोहिमेचा निकाल फाशांवर लागतो. नेत्याच्या त्या कौशल्याच्या जितक्या खुणा, तितके फासे. मुत्सद्देगिरी, हेरगिरी, विशेष कारवाई आणि रसद अशी चार कौशल्यं. फाशाच्या सहा बाजूंपैकी दोन कोऱ्या, दोन साध्या माराच्या, एक थेट माराची आणि एक लाइटसेबरची (प्रकाशाच्या तलवारीची). मोहिमेत कोऱ्या बाजूला शून्य, दोन्ही प्रकारच्या माराला एक यश, लाइटसेबरला दोन. मोहीम करणाऱ्याला विरोधकापेक्षा जास्त यश हवं, बरोबरी झाली तर मोहीम फसते. ही बरोबरीची अट दिसते त्याहून महाग पडते. दोघांचे दोन-दोन फासे असतील तर अंदाजाने आपण पन्नास टक्के धरतो. गणित मांडलं की मोहीम यशस्वी व्हायची शक्यता ३६ टक्क्यांच्या आसपास निघते. तिनाला दोन फासे असतील तर साधारण ५८ टक्के. कार्डावर ज्या नेत्याचं चित्र आहे तोच नेता पाठवला तर दोन यश फुकट मिळतात, आणि मग दोनाला दोन फासे असतानाही शक्यता ८६ टक्क्यांवर जाते. म्हणून कार्ड हातात आलं की आधी कोपऱ्यातलं चित्र बघायचं, मजकूर नंतर. चित्रातला नेता आपल्याकडे नसेल आणि समोर तुल्यबळ विरोधक राखीव बसला असेल, तर ते कार्ड त्या फेरीत ठेवून द्यावं.

नवख्यांना सगळ्यात जास्त नडणारा नियम वेगळाच आहे. ज्या मंडळात आपला नेता उभा आहे, तिथून आपलं सैन्य त्या फेरीत बाहेर काढता येत नाही. मोहिमेवर गेलेला, विरोधाला गेलेला, सैन्य घेऊन आलेला, सगळे नेते यात आले. व्हेडरला मोठ्या ताफ्याच्या मंडळात मोहिमेवर पाठवलं, की तो ताफा फेरीभर तिथेच खिळला. बंडखोर याचा मुद्दाम उपयोग करतात. साम्राज्याचा ताफा जिथे आहे तिथेच एखादी किरकोळ मोहीम उलटायची, विरोधाला नेता येईल अशी. तो आला की मोहीम फसली तरी ताफा अडकला. गनिमी कावा म्हणतात तो हाच, आणि खेळाने तो कथेच्या वर्णनात न ठेवता थेट नियमात बसवला आहे.

तसंच, ज्या नेत्यांवर डावपेचाचे आकडे नाहीत ते सैन्य हलवू शकत नाहीत. मॉन मॉथ्मा त्यातलीच. तिला राखीव ठेवून ‘हिच्याकडून सैन्य हलवू’ असा बेत केला तर ऐन वेळी तोंडघशी पडायला होतं. तिची जागा मुत्सद्देगिरीच्या मोहिमांवर.

मुत्सद्देगिरी हा आघाडीचा कणा आहे. मंडळांची निष्ठा एकेक पायरीने सरकते: साम्राज्याची, मग तटस्थ, मग बंडखोरांची. निष्ठा मिळाली की ते मंडळ आपल्यासाठी जहाजं आणि पायदळ बांधतं. मंडळावर छापलेल्या त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोनावरून तुकडीचा आकार कळतो. निळी खूण जहाजाची, केशरी पायदळाची. बाजूचा १ ते ३ आकडा सांगतो की तुकडी बांधणीच्या रांगेत कुठे ठेवायची. मॉन कालामारीसारखं मंडळ हाती आलं तर मोठी क्रूझर (युद्धजहाज) मिळू लागते, पण ती तयार व्हायला वेळ घेते. म्हणून असं मंडळ पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच वळवावं. सहाव्या फेरीत वळवलेलं मंडळ डाव संपेपर्यंत फारसं काही देत नाही.

साम्राज्य मात्र निष्ठेशिवायही माल काढू शकतं. पायदळ उतरवून मंडळ दाबून ठेवलं की त्याला तिथली पहिली खूण मिळते, बाकीच्या नाहीत. जबरदस्तीने मिळतं ते अर्धंमुर्धं, आणि त्यासाठी तिथे पायदळ अडकवून ठेवावं लागतं. बंडखोरांनी तिथे घातपाताची मोहीम केली की तेही थांबतं. या आघाडीला तारामंडळं का येऊन मिळतात, हे कुठलंही पानभर भाषण न देता इथे उमगतं.

उद्दिष्टांच्या कार्डांबद्दल एकच सांगतो. ती तीन टप्प्यांत रचलेली असतात, प्रत्येक टप्प्यात पाच, आणि बंडखोराला दर फेरीला एक मिळतं. पहिल्या टप्प्यातली कार्डं साध्य होण्याजोगी असतात आणि ती साठवून ठेवण्यात काही हशील नाही. काही लढाईत वापरायची, काही फेरीअखेर. लढाईची कार्डं हातात आली की लहानशी का होईना, एखादी झुंज मुद्दाम ओढवून घ्यावी लागते. नुसतं लपून बसलं तर लौकिकाची खूण जागची हलत नाही, आणि १३ फेऱ्यांचा हिशेब वर दिलाच आहे.

खेळातला सगळ्यात कमकुवत भाग म्हणजे लढाई. प्रत्येक तुकडीचे काळे आणि लाल फासे ठरलेले असतात. दोन्ही रंगांचे पाच-पाच, त्याहून जास्त टाकता येत नाहीत. काळ्या फाशाचा मार काळ्या आकड्याच्या हलक्या तुकड्यांना लागतो, लाल फाशाचा लाल आकड्याच्या भारी तुकड्यांना, आणि थेट मार कुणालाही. इथपर्यंत ठीक आहे. समोर योग्य रंगाचं लक्ष्य असेल तर प्रत्येक फासा निम्म्या वेळा लागतो. नसेल तर फक्त सहातून एकदा. त्यामुळे नुसती टाय फायटरं घेऊन मोठ्या क्रूझरवर चालून जाणं फुकट जातं, मिश्र ताफा लागतो. पाच-पाच फाशांच्या मर्यादेमुळे एका जागी फार मोठा ताफा जमवण्यातही अर्थ नसतो. जास्तीची जहाजं फक्त मार झेलतात.

अडचण डावपेचांच्या कार्डांची आहे. मूळ खेळात ती सामाईक गठ्ठ्यांतून नशिबाने हातात येतात. ती वापरणं, लाइटसेबर खर्चून नवं कार्ड ओढणं, मार अडवणं, हे सगळं आधी अवकाशात आणि मग जमिनीवर, दर झुंजीच्या फेरीला करावं लागतं. मोठ्या लढाईला सहज वीस मिनिटं जातात आणि त्या वीस मिनिटांत खरे निर्णय दोन-तीनच असतात. तळावरची शेवटची लढाई ही डावाची परिसीमा असायला हवी. ती फासेमोजणीत विरघळून जाते, ही या रचनेतली मनापासून खटकणारी गोष्ट आहे.

लढाईत दोन चुका वारंवार होतात. माघार घ्यायला तिथे आपला नेता लागतो. तो नसेल तर हरणारा ताफा तिथेच संपतो, तेव्हा लढाई सुरू होतानाच राखीवातला नेता घालायचा की नाही हे ठरवा. आणि लढाई संपली की वाचलेल्या तुकड्यांवरच्या माराच्या खुणा काढून टाकायच्या असतात. त्या तशाच राहिल्या तर पुढच्या झुंजीत स्टार डिस्ट्रॉयर उगाच लवकर बुडतो.

२०१७ मध्ये आलेल्या ‘राइज ऑफ द एम्पायर’ या पुरवणीने हे दुखणं बऱ्यापैकी दूर केलं. त्यात दोघांकडे डावपेचांच्या कार्डांचे स्वतःचे ठरलेले संच असतात. दर फेरीला प्रत्येकाने एक कार्ड गुपचूप निवडायचं आणि दोघांनी एकदम उलटायचं. कार्डाचा पूर्ण फायदा मिळायला त्यावर लिहिलेली तुकडी लढाईत हजर असावी लागते, म्हणून ताफा कोणत्या जहाजांचा आहे याला अर्थ येतो. समोरचा काय टाकेल हे ओळखण्याचा खेळ लढाईतही सुरू होतो. पुरवणीत जिन अर्सो, कॅसियन अँडोर, क्रेनिक असे नवे नेते आहेत, हिरवे फासे आहेत, माघार रोखणारं इंटरडिक्टर जहाज आहे आणि मोहिमांचा दुसरा संचही आहे, जो मूळ संचातल्या काही कार्डांच्या जागी वापरायचा. पण पुरवणी पहिल्याच दिवशी उघडू नका. मूळ खेळाचे तीन-चार डाव झाल्यावर लढाई कंटाळवाणी वाटू लागेल. तेव्हा आधी फक्त नवी लढाईपद्धत घ्या आणि मोहिमांचा नवा संच त्याच्या पुढच्या डावात.

वस्तू म्हणून हा खेळ चांगला आहे. सोंगट्या लहान असूनही ओळखू येतात, एटी-एटीचे पाय आणि वाय-विंगचे सांगाडे नाजूक असले तरी सहज मोडणारे नाहीत. नेते मात्र पुठ्ठ्याचे आहेत आणि ते प्लास्टिकच्या बैठकीत खोचायचे असतात. बैठक घट्ट असते. जोरात दाबलं तर पुठ्ठ्याची खालची कड सोलते आणि थर सुटतात. खाच बोटाने किंचित फाकवून पुठ्ठा सरळ वरून घालावा, तिरका नाही. एकदा बसवला की काढू नये, खोक्यातही बैठकीसकट ठेवावा.

खोक्यात प्रत्येक प्रकारच्या सोंगटीसाठी वेगळा कप्पा नाही. सगळं एकत्र ओतलं तर पुढच्या वेळी मांडायलाच पाऊण तास जातो. चेन असलेल्या छोट्या पिशव्या घ्या आणि नुसत्या बाजूनुसार नाही, तर बाजू आणि खुणेचा आकार अशा दोन्हींनुसार वाटा: साम्राज्याच्या त्रिकोणाच्या खुणेच्या सोंगट्या एकीकडे, वर्तुळाच्या दुसरीकडे, असं. बांधणीच्या वेळी पटावर जी खूण दिसेल ती पिशवी उघडायची. या एका सवयीने डाव निदान अर्धा तास लवकर आटोपतो. कार्डांना पाकिटं घालायची असतील तर आधी प्रोबच्या आणि मोहिमांच्या कार्डांना घाला. तीच सर्वात जास्त हाताळली जातात, आणि प्रोबच्या एका कार्डाचा कोपरा दुमडला तर ते पाठीवरून ओळखू येतं. मग तळ लपवण्यात काही अर्थ उरत नाही.

टेबलाची जागा आधी मोजा. पट लांबलचक आहे, आणि दोन्ही बाजूंना दोघांचे तक्ते, मोहिमांची कार्डं आणि नेत्यांची रांग मावायला हवी. खेळाडूंनी लांबीच्या समोरासमोरच्या बाजूंना बसावं. बंडखोराच्या तळाची जागा पटाच्या कडेला असते आणि तिथे जमवलेलं सैन्य साम्राज्याला दिसतं, फक्त ठिकाण दिसत नाही. हे नवख्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे मधेच ‘हे लपवायचं होतं का?’ असा गोंधळ होत नाही.

कार्डांवरचा मजकूर भरपूर आणि इंग्रजी आहे. हातातली कार्डं गुप्त असल्यामुळे एखादा शब्द अडला तर समोरच्याला विचारता येत नाही. इंग्रजी वाचनाची सवय नसलेल्या खेळाडूने पहिल्या डावाआधी सुरुवातीच्या चार मोहिमा तरी निवांत समजून घ्याव्यात. त्या दोघांनाही माहीत असायला हरकत नसते, कारण त्या दर डावात त्याच असतात.

चार जणांची सोय आहे. प्रत्येक बाजूला एक खेळाडू अवकाशातलं दल सांभाळतो, दुसरा जमिनीवरचं. चालतं, पण जोडीदाराशी तळाबद्दल बोलायचं तर समोरच्याच्या कानावर जातं, आणि निर्णय दुप्पट वेळ घेतात. हा मुळात दोघांचा खेळ आहे.

पहिला डाव पाच तास धरा. दोघांनाही नियम ठाऊक झाल्यावर तीन ते साडेतीन. मधेच थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे खेळायचं असेल तर पटाचा वरून फोटो काढा, हातातली कार्डं आणि गठ्ठे रबर लावून वेगळ्या पाकिटांत ठेवा, आणि तळाचं कार्ड बंडखोराने स्वतःच्या पाकिटात न ठेवता बंद लिफाफ्यात घालून पटावरच ठेवावं. आपापसात विश्वास असला तरी लिफाफा असलेला बरा, नंतर शंकेला जागा राहत नाही.

विकत घ्यावा का? ठरलेला एक जोडीदार असेल, आणि दोघांना महिन्यातून एखादी संध्याकाळ सलग मोकळी काढता येत असेल, तर नक्की घ्या. दर वेळी नवी माणसं जमत असतील, किंवा तासाभरात आटोपणारं काही हवं असेल, तर हा खेळ कपाटात पडून राहील. घेतल्यावर पहिले दोन डाव लागोपाठ खेळा आणि दुसऱ्यात बाजू बदला. तळ शोधताना काय दिसतं ते एकदा समजलं की पुढच्या वेळी तो कुठे ठेवायचा नाही हे कळतं. जाणत्याने पहिल्या डावात साम्राज्य घ्यावं, नवख्याला आघाडी द्यावी. साम्राज्याची बाजू चालवायला जड आहे, आणि ती ढिली चालली तर दोघांचीही संध्याकाळ फुकट जाते.